वेगाला वळण लावणारा केन माइल्स

अंगी बळ असणे ही एक गोष्ट आणि ते बळ स्वाधीन असणे ही अगदी निराळी गोष्ट होय. भीमाच्या गदेचे कौतुक लहानथोर सारेच करतात. परंतु अर्जुनाचा रथ कुरुक्षेत्रातून सुखरूप बाहेर पडला तो केवळ घोड्यांच्या वेगामुळे नव्हे, तर ज्या हातांत लगाम होते त्या हातांमुळे. यंत्रयुग आले, घोड्यांची जागा इंजिनाने घेतली, तरी हा नियम बदलला नाही. उलट, एकाच इंजिनात तीनशे घोड्यांचे बळ एकवटू लागले तेव्हा लगामाची गरज कितीतरी पटींनी वाढली.

अशा बलाढ्य मोटारींना लगाम घालण्यात ज्याने आपली उमेदीची वर्षे वेचली आणि अखेर त्याच कामी ज्याचा देह पडला, त्या केन माइल्स नावाच्या इंग्रज सारथ्याची ओळख आम्ही प्रस्तुत लेखात आमच्या विद्यार्थिमित्रांना करून देणार आहोत. २०१९ साली फोर्ड आणि फेरारी या दोन कंपन्यांच्या चढाओढीवर इंग्रजी चित्रपट निघाला, तेव्हापासून हे नाव पुष्कळांच्या कानांवर आले आहे. परंतु चित्रपटाला शर्यतीचा थरार दाखवावा लागतो. रिकाम्या मार्गावर एकच गाडी दिवसभर पुन्हा पुन्हा फिरवून तिचे दोष हुडकणाऱ्या माणसाची चिकाटी पडद्यावर फारशी मावत नाही. माइल्सचे खरे मोठेपण आम्हांला त्या चिकाटीतच दिसते.

केनेथ माइल्स याचा जन्म १ नोव्हेंबर १९१८ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅम शहराजवळील सटन कोल्डफील्ड या गावी झाला. बर्मिंगहॅमचा हा सारा परिसर कारखान्यांचा. यंत्रांचा खडखडाट तेथील मुलांच्या कानांवर लहानपणापासूनच पडे. माइल्सला मोटारसायकलींचा नाद लागला आणि पुढे वोल्सली या मोटार कंपनीत तो उमेदवारी करू लागला. पुस्तकी विद्येपेक्षा हातात पाना घेऊन शिकलेली विद्या त्याला अधिक मानवली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो सैन्यात गेला आणि रणगाड्यांच्या दलात सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढला. युद्ध संपल्यावर त्याचे मन पुन्हा मोटारींकडे धावले. जुन्या गाड्या उचकटाव्यात, त्यांत निराळी इंजिने बसवावीत आणि त्या शर्यतीत पळवून पाहाव्यात, हा त्याचा छंद झाला.

१९५२ साली तो अमेरिकेत गेला व कॅलिफोर्निया प्रांतातील लॉस अँजेलिस येथे एम. जी. या इंग्रजी गाड्यांच्या विक्रेत्याकडे नोकरीस राहिला. तेथे त्याने १९५३ साली एम. जी. गाडीचेच भाग जुळवून स्वतःच्या कल्पनेची एक छोटी शर्यतीची गाडी तयार केली. तिचे इंजिन लहान असूनही ती त्या भागातील नामांकित गाड्यांना मागे टाकू लागली. पुढे त्याने आणखी एक बुटकी, चपटी गाडी बांधली. छपरावरची फळी उडत चालल्यासारखी ती दिसे, म्हणून लोकांनी तिला तसेच नाव दिले. मग कूपर या इंग्रजी गाडीच्या सांगाड्यात पोर्श या जर्मन कंपनीचे इंजिन बसवून त्याने आणखी एक विजयी गाडी सिद्ध केली. या तिन्ही गाड्यांतून त्याच्या मनातला एक सिद्धांत स्पष्ट दिसतो. तो असा की, गाडी हलकी असावी, ती वळणावर रस्त्याला चिकटून राहावी आणि चालकाच्या हाताचा इशारा चाकांपर्यंत तत्काळ पोचावा. मग इंजिन थोडे लहान असले तरी बिघडत नाही.

अमेरिकेत मात्र त्या काळी वारे उलट दिशेने वाहत होते. तेथील रस्ते रुंद आणि सरळ, पेट्रोल स्वस्त आणि तरुणांच्या हाती पैसा. १९६४ च्या सुमारास तेथील कारखान्यांनी बेताच्या आकाराच्या गाड्यांत मोठमोठी इंजिने बसवून त्या बाजारात आणण्याचा सपाटा लावला. पुढे या गाड्यांना मसल कार असे नाव पडले. मसल म्हणजे स्नायू. नाव यथार्थच होते. पैलवानाचे दंड पीळदार असावेत, पण पायांत मात्र चपळाई नसावी, तशी त्यांची गत असे. सरळ रस्त्यावर त्या बाणासारख्या सुटत. वळण आले की त्यांची त्रेधा उडे.

असे का होत असे? आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर, यंत्रशास्त्राला दुरून नमस्कार करणारे. तरीही ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. गोव्यातून बेळगावकडे किंवा लोंढ्याकडे जाताना चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटातून जो बसने गेला असेल, त्याने एक अनुभव घेतलाच असेल. बस डावीकडे वळली की आपण सारे उजवीकडे कलतो आणि बसचे धूडही उजव्या अंगाला झुकते. त्या वेळी उजवीकडच्या चाकांवर भार वाढतो आणि डावीकडची चाके हलकी होतात. मोटारीचे धड आणि चाके यांच्यामध्ये ज्या स्प्रिंगा, पाटे, दांडे आणि धक्के जिरवणारी नळकांडी असतात, त्या सर्वांना मिळून सस्पेन्शन म्हणतात. या यंत्रणेला दोन धनी असतात. बसणाऱ्याला खड्डा जाणवू नये हे एका धन्याचे मागणे, आणि चाकाने रस्ता कधीही सोडू नये हे दुसऱ्याचे. स्प्रिंग फार मऊ ठेवली तर पाठीला सुख लाभते, पण गाडी वळणावर होडीसारखी डोलते. ती फार ताठ ठेवली तर डोलणे थांबते, पण प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचतो. अमेरिकन कारखानदारांनी तेव्हा बहुधा पहिल्या धन्याची मर्जी राखली होती.

याच सुमारास माइल्सची गाठ कॅरल शेल्बी या टेक्सासच्या गृहस्थाशी पडली. शेल्बी १९५९ साली फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकलेला नामांकित चालक होता. परंतु हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. मग त्याने ए. सी. या इंग्रजी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन घातले आणि १९६२ साली कोब्रा ही गाडी निर्माण केली. १९६३ साली माइल्स त्याच्याकडे आला. गाड्या तपासणे, त्यांत सुधारणा करणे आणि शर्यतीत त्या चालवणे, अशी तिहेरी जबाबदारी त्याने उचलली. दिवसभर गाडी पळवावी, संध्याकाळी कारागिरांबरोबर तिच्याखाली शिरावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवावी, असा त्याचा क्रम होता. मध्येच चहाचा पेला हवाच. इंग्रज माणसाची ही सवय त्याने अमेरिकेतही सोडली नाही आणि सहकाऱ्यांनी तिच्यावरून त्याचे नावही पाडले.

कोब्राच्या बाबतीत एक बोधप्रद घटना घडली. १९६४ च्या वसंतात फ्लोरिडातील सेब्रिंग येथील शर्यतीसाठी त्या लहानशा गाडीत तब्बल ७ लिटरचे प्रचंड इंजिन बसवण्यात आले. मूळ गाडीच्या पुढेमागे आडवे पाटे लावलेले होते आणि ते लहान इंजिनाच्या हिशेबाने केलेले होते. सरावाच्या वेळी ही गाडी माइल्सच्या हातून निसटली आणि एका झाडावर आदळली. ती दुरुस्त करून शर्यतीत उतरवली खरी, परंतु शेवटपर्यंत ती टिकली नाही. बळ वाढवले आणि ते पेलणारी अंगे तशीच ठेवली, त्याचा हा परिणाम. १९६५ ची मोठ्या इंजिनाची कोब्रा बाजारात आली तेव्हा तिचा सांगाडा नव्याने आखलेला होता आणि जुन्या पाट्यांच्या जागी वेटोळ्यांच्या स्प्रिंगा आल्या होत्या.

आता आपण माइल्सच्या ज्या कामाचा ठसा सामान्य मोटारमालकांवर सर्वांत अधिक उमटला, त्या कामाकडे वळू. १७ एप्रिल १९६४ रोजी फोर्ड कंपनीने मस्टँग ही गाडी विक्रीस काढली. मस्टँग म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचा रानघोडा. गाडी दिसायला देखणी आणि किमतीला बेताची. पहिल्या वर्षातच चार लाखांहून अधिक खपली. परंतु तिचा खालचा भाग फॉल्कन या कुटुंबवत्सल गाडीवर बेतलेला होता. ही गाडी क्रीडामोटारींच्या राष्ट्रीय शर्यतीत उतरावी अशी फोर्डची इच्छा होती आणि ते काम शेल्बीकडे सोपवण्यात आले. नियम असा होता की, तशा किमान १०० गाड्या तयार झाल्या पाहिजेत आणि गाडीत दोनच आसने पाहिजेत. शेल्बीच्या माणसांनी मागचे आसन काढून टाकले, तेथे जादा चाक ठेवले आणि नियमाचा प्रश्न निकालात काढला. खरा प्रश्न रानघोड्याला माणसाळवण्याचा होता.

कॅलिफोर्नियातील विलो स्प्रिंग्ज येथील मार्गावर चाचण्या सुरू झाल्या. माइल्सबरोबर बॉब बॉन्डुरंट हा चालक होता आणि कामाची आखणी चक कँटवेल या अभियंत्याकडे होती. वळणावर मस्टँग कलली की बाहेरच्या बाजूचे पुढचे चाक वरच्या अंगाने बाहेर झुके, टायर आपल्या कडेवर उभा राही आणि रस्त्यावरची पकड सुटे. फोर्डमधील क्लाउस आर्निंग या अभियंत्याने यावर एक उपाय योजून ठेवला होता. चाकाला वरून धरणारा जो दांडा असतो, त्याचा आतला टेकू सुमारे १ इंच खाली आणावयाचा. एवढ्याने गाडी कलली तरी चाक रस्त्यावर सपाट राहू लागे. यासाठी पत्र्यात नवी चार भोके पाडली की काम भागत असे. कारखान्यातील मूळ गाडीत हा बदल झाला नव्हता. शेल्बीच्या गाड्यांत तो झाला. मोठे यश कधी कधी एवढ्याशा इंचात दडलेले असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

याच्या जोडीला आणखी सुधारणा झाल्या. दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडून गाडीचे कलणे रोखणारी पुढची सळई १ इंच जाडीची घातली. हॉलंडमधील कोनी कंपनीचे धक्काशोषक बसवले. पुढे डिस्क ब्रेक आले. मागे एक निराळीच अडचण होती. एकदम वेग घेतला की इंजिनाचा जोर मागच्या पाट्यांना पिळवटून टाकी आणि सारा आस थडथड उड्या मारू लागे. त्यासाठी आसाला वरून धरणारे मजबूत दांडे बसवण्यात आले. स्टिअरिंगच्या जोडणीतील दांडे लांब केल्यामुळे चाके वळवण्यास पूर्वीपेक्षा कमी फेरे पुरू लागले. अर्थात हाताला जोर मात्र अधिक लागे. प्रारंभीच्या गाड्यांत तर बॅटरीसुद्धा पुढून उचलून मागच्या डिकीत नेली, हेतू हा की नाकावरचा भार थोडा हलका व्हावा. इंजिनाचे बळ २७१ अश्वशक्तीवरून ३०६ वर गेले, म्हणजे फार वाढले असे नाही. गाडीचा खरा कायापालट झाला तो चाकांच्या आणि सांगाड्याच्या मध्ये.

या गाडीचे नाव जी. टी. ३५०. १४ फेब्रुवारी १९६५ रोजी टेक्सासमधील ग्रीन व्हॅली येथे ती प्रथमच शर्यतीत उतरली. चालक माइल्स होता आणि तो जिंकला. एका उंचवट्यावरून गाडीची चारही चाके हवेत उचलली गेली आहेत असे त्या दिवसाचे छायाचित्र मोटारशौकिनांत फार प्रसिद्ध आहे. रस्त्यावर परतलेली गाडी सरळ धावली, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही. ते सस्पेन्शनचे श्रेय. त्या वर्षी आणि पुढील दोन वर्षीही या गाडीने आपल्या वर्गातील राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

पण पहिल्या धन्याचे, म्हणजे बसणाऱ्याच्या सुखाचे काय झाले? १९६५ साली अशा ५६२ गाड्या तयार झाल्या. त्या विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना शर्यतीत जावयाचे नव्हते. त्यांना कचेरीत आणि बाजारात जावयाचे होते. गाडी दणके देते, गोंगाट करते, स्टिअरिंग जड आहे, असा सूर निघू लागला. म्हणून १९६६ च्या गाड्या पुष्कळशा सौम्य करण्यात आल्या. मागचे आसन परत मिळू लागले, आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा मिळू लागली, आणि पहिला साठा संपल्यावर तो इंचभर खाली आणलेला टेकूही पुन्हा जुन्या जागी गेला. यात कोणाचे चुकले असे आम्हांस वाटत नाही. रोज मुलाबाळांना घेऊन जाण्याची गाडी आणि शर्यतीची गाडी यांचे धर्म निराळे. दोन्ही धन्यांना पुरते संतुष्ट करील असे सस्पेन्शन तेव्हा नव्हते. किती सुख सोडून किती ताबा मिळवावयाचा, हा हिशेब ज्याचा त्यानेच करावयाचा असतो.

इकडे माइल्सवर याहून मोठे काम येऊन पडले होते. १९६३ साली फोर्डने इटलीतील फेरारी कंपनी विकत घेण्याचा यत्न केला आणि तो फसला. तेव्हा ल मान्स येथे फेरारीला हरवावयाचेच असा चंग फोर्डने बांधला. १९६० ते १९६५ अशी ओळीने सहा वर्षे ती शर्यत फेरारी गाड्यांनी जिंकली होती. फोर्डची जी. टी. ४० ही गाडी १९६४ साली साफ अपयशी ठरली आणि वर्षाखेरीस ती शेल्बीच्या स्वाधीन झाली. माइल्सने चाचण्या आरंभल्या. फेब्रुवारी १९६५ मध्ये डेटोना येथे त्याने व लॉइड रूबीने तिला पहिला विजय मिळवून दिला. १९६६ साली ७ लिटर इंजिनाची नवी आवृत्ती घेऊन याच जोडीने डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि मार्चमध्ये सेब्रिंगची बारा तासांचीही जिंकली. राहिले होते ते ल मान्स.

१८ व १९ जून १९६६. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात माइल्स व डेनी हल्म यांची गाडी आघाडीवर होती. मागोमाग फोर्डच्याच आणखी दोन गाड्या होत्या. तिन्ही गाड्यांनी एकत्र रेषा ओलांडावी, म्हणजे कंपनीचा विजय उठून दिसेल, असे फोर्डच्या अधिकाऱ्यांनी ठरवले. माइल्सने वेग कमी केला आणि इतरांना गाठू दिले. रेषा ओलांडल्यावर निर्णय आला तो असा की, ब्रूस मॅक्लारेन व ख्रिस एमन यांची गाडी आरंभी काही मीटर मागे उभी होती. म्हणून चोवीस तासांत तिने तेवढे अंतर अधिक कापले. पहिला क्रमांक त्यांना मिळाला. एकाच वर्षी तिन्ही मोठ्या शर्यती जिंकण्याचा मान ज्या माणसाच्या हातात आला होता, तो त्याने आज्ञेप्रमाणे पाऊल हलके करताच निसटून गेला. ज्याने गाडी घडवली त्याच्या नावापुढे दुसरा क्रमांक लागला.

या प्रसंगानंतर दुसरा कोणी काम सोडून घरी बसला असता. माइल्स मात्र पुढच्या वर्षीची गाडी तपासण्यासाठी पुन्हा चाचणीच्या मार्गावर हजर झाला. १७ ऑगस्ट १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे तो फोर्डची एक नवी प्रायोगिक गाडी चालवत होता. तिचा सांगाडा मधाच्या पोळ्यासारख्या रचनेच्या ॲल्युमिनियमचा, वजनाने अतिशय हलका. दिवसभराचे काम संपत आले होते. लांबच लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी वळणासाठी वेग उतरत असता गाडी अचानक ताब्याबाहेर गेली, उलटली आणि तिचे तुकडे झाले. माइल्स बाहेर फेकला गेला व जागीच गतप्राण झाला. त्याचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. मागे पत्नी आणि एक मुलगा राहिला.

त्याचे मरण व्यर्थ गेले नाही. त्या अपघातानंतर फोर्डने नव्या गाडीच्या आत चालकाभोवती पोलादी नळ्यांचा भक्कम पिंजरा बसवला. १९६७ साली ल मान्स येथे त्याच जातीची गाडी चालवताना मारिओ अँड्रेटी या चालकाला भयंकर अपघात झाला. गाडीचा चेंदामेंदा झाला, परंतु तो जिवंत बाहेर आला. त्याच शर्यतीत डॅन गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी तशीच दुसरी गाडी प्रथम क्रमांकाने आणली. दोष शोधण्याचे जे काम माइल्सने आयुष्यभर केले, ते असे त्याच्या मरणानेही एकदा केले.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या परीक्षांत आणि सामन्यांत पहिल्या क्रमांकाची नावे फलकावर लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु जगात पुष्कळशी मोलाची कामे अशी असतात की त्यांच्यासाठी फलक नसतो. पूल बांधल्यावर त्यावरून भारलेली मालगाडी प्रथम नेणारा, औषधाची मात्रा पुन्हा पुन्हा तपासणारा, यंत्रातला बारीक आवाज ऐकून ते थांबवणारा, अशा माणसांवर बाकीच्यांचा जीव विसंबून असतो. दोष दिसला की तो झाकू नये, नेमका कोठे आहे ते शोधावे, आणि दुरुस्त केल्यावर पुन्हा तपासून पाहावे, एवढीच त्यांची रीत.

साठ वर्षांपूर्वीच्या त्या मस्टँग गाड्या अमेरिकेत आजही हौसेने जपल्या जातात. त्यांचे मालक नवे स्टिअरिंग बसवतात, नवे धक्काशोषक घालतात, स्प्रिंगा बदलतात. परंतु त्यांतले पुष्कळजण अजूनही पहिले काम करतात ते पत्र्यावर मोजून खुणा करण्याचे आणि वरच्या दांड्यासाठी इंचभर खाली चार भोके पाडण्याचे. कल्पना आर्निंगची, नाव शेल्बीचे. आणि तो इंच खरा आहे हे रस्त्यावर पळवून सिद्ध करणारे हात केन माइल्सचे.